मोटर गरम का होते? आरसी ऑफ-रोड ट्रकमध्ये मोटर आणि ईएससी बसवण्याची सविस्तर पद्धत

रिमोटवर चालणाऱ्या गाडीची ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेली) मोटर जळाली असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिनियन किती दातांचं होतं? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. मोटर किती केव्हीची, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) किती अँपिअरचा, बॅटरी किती सेलची हे तोंडपाठ असतं, पण मोटरच्या शाफ्टवर बसलेल्या त्या बोटाच्या पेराएवढ्या गिअरचे दात कोणी मोजलेले नसतात. मोटर किती दिवस टिकणार हे मात्र त्या दातांवरच ठरतं.

लेखात उदाहरण घेतलं आहे ते १/१० मापाच्या टू-व्हील-ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रकचं. २००८ मध्ये आलेला ट्रॅक्सस स्लॅश हा या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा ट्रक. त्याच्या साध्या आवृत्तीत १२ टर्नची ५५० ब्रश मोटर आणि एक्सएल-५ हा कंट्रोलर येतो. आपल्याला ती जोडी काढून ३५०० केव्हीच्या आसपासची सेन्सरलेस ब्रशलेस मोटर आणि तिला शोभेल असा ईएससी बसवायचा आहे. ट्रक दुसऱ्या कंपनीचा असला तरी काम हेच आणि याच क्रमाने.

मोटरवरचे आकडे

डब्यावरचा पहिला आकडा मापाचा. ५४० म्हणजे सुमारे ३६ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी. ५५० चा व्यास तोच, लांबी थोडी जास्त. ब्रशलेस मोटरवर ३६५०, ३६६० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन अंक व्यास, पुढचे दोन लांबी. म्हणजे ३६५० हीच आपली ५४० च्या मापाची मोटर, आणि ती जुन्याच भोकांवर बसते.

दुसरा आकडा वेगाचा. ब्रश मोटरला टर्न सांगतात, म्हणजे आतल्या प्रत्येक खांबावर तारेचे किती वेढे आहेत ते. २७ टर्नची चंदेरी ५४० कित्येकांची पहिली मोटर असते. टर्न कमी तेवढा वेग जास्त आणि करंटही जास्त. क्रॉलरवाले (क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढणारी गाडी) म्हणून ३५, ४५, ५५ टर्न वापरतात. ब्रशलेसला केव्ही सांगतात: ओझं नसताना दर व्होल्टमागे किती आरपीएम. ३५०० केव्ही आणि ७.४ व्होल्ट म्हणजे २५,९०० आरपीएम.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे की केव्ही जास्त म्हणजे मोटर ताकदवान. केव्ही वाढला की एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क त्याच प्रमाणात घटतो. ७००० केव्हीच्या मोटरला ३५०० वालीइतका पीळ द्यायचा तर दुप्पट करंट खेचावा लागतो. ताकद हवी असेल तर मोटरचा डबा मोठा घ्या. जास्त तांबं, मोठं चुंबक, आणि उष्णता पसरायला जास्त जागा. दोन-अडीच किलोच्या टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकला ३६५० किंवा ३६६० पुरते. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर ३६६० च्या खाली जाऊ नका, आणि चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) मिळाली तर तीच घ्या. १/८ च्या ट्रगीचा (बग्गीच्या ठेवणीच्या मोठ्या ट्रकचा) हिशेब वेगळा: ४२ मिमी व्यास, चार सेल, दोन हजाराच्या आसपास केव्ही.

आता सेन्सर. सेन्सरवाल्या मोटरमध्ये हॉल सेन्सर असतात, ते रोटर कुठे आहे हे ईएससीला कळवतात आणि गाडी गोगलगाईच्या वेगातही गुळगुळीत निघते. सेन्सरलेसमध्ये हा अंदाज ईएससीला मोटरच्याच तारांमधल्या व्होल्टेजवरून घ्यावा लागतो. गाडी उभी असताना ते व्होल्टेज शून्य असतं, म्हणून सुरुवातीला मोटर एक-दोनदा अडखळते. चिखल-धुळीत पळणाऱ्या ट्रकला मी सेन्सरलेसच सुचवतो. सहा बारीक तारांची ती केबल चिखलात नेणं मला पटत नाही. क्रॉलरला मात्र सेन्सर हवाच.

ईएससी आणि बॅटरी

१९७९ च्या तामियाच्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या बग्ग्यांमध्ये वेग कमी-जास्त करायला एक सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडी फिरवणारी छोटी मोटर) आणि यांत्रिक स्विच असायचा. अर्ध्या वेगात जास्तीची वीज रेझिस्टरमधून जाळून टाकायची, म्हणजे बॅटरीतली शक्ती उष्णता होऊन हवेत. ईएससी तेच काम सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून करतो, म्हणून वाया फार कमी जातं. पण काही तरी जातंच, आणि ते ईएससीच्या हीट सिंकवर हात ठेवला की कळतं.

ब्रश मोटरला दोन तारा, ब्रशलेसला तीन. ब्रशवाला ईएससी ब्रशलेस मोटर चालवू शकत नाही, म्हणून बदलायचं तर जोडीच बदलावी लागते. दोन्ही चालवणारे ईएससी आहेत, तामियाचा टीबीएलई-०२एस तसा आहे, पण तो अपवाद. निवडताना सतत झेपणारा करंट बघा. ‘बर्स्ट’चा मोठ्या अक्षरातला आकडा क्षणभराचा असतो. आपल्या ट्रकला २एस वर (दोन सेलच्या बॅटरीवर) ६० अँपिअर सतत चालेल, ३एस वर (तीन सेलवर) जायचा विचार असेल तर ८० ते १२० घ्या. किती सेलपर्यंत चालतो हे खोक्यावर लिहिलेलं असतं आणि ती मर्यादा खरी असते. एक सेल जास्त लावलात तर पहिल्याच जोडणीत धूर निघू शकतो.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा एक सेल म्हणजे ३.७ व्होल्ट. पूर्ण भरला की ४.२. चालवताना ३.२-३.३ च्या खाली नेऊ नये, ३.० च्या खाली गेला की त्याला कायमची इजा होते. बॅटरी किती करंट देऊ शकते याचा हिशेब सोपा आहे: क्षमता गुणिले सी (क्षमतेच्या किती पट करंट मिळेल, तो बॅटरीवर छापलेला आकडा). ५००० एमएएच आणि २५सी म्हणजे कागदावर १२५ अँपिअर. कागदावर म्हणतो, कारण स्वस्त बॅटरीवर छापलेला सी मनाला येईल तसा असतो. तुम्हाला लागेल त्याच्या दुप्पट धरून घ्या. चार्जिंग १सी ने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) तार लावून, आणि तुम्ही समोर असताना.

दातांचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. हा भाग घाईने वाचू नका.

मोटरच्या शाफ्टवर असतं ते लहान गिअर पिनियन. त्याला चिकटून फिरतो तो मोठा स्पर. त्यापुढे गिअरबॉक्समध्ये ठरलेलं गुणोत्तर असतं. स्लॅशसारख्या ट्रॅक्ससच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ते २.७२ आहे, त्या गिअरबॉक्सच्या ‘मॅग्नम २७२’ या नावातच ते लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीचं गुणोत्तर तिच्या पुस्तिकेत सापडेल.

समजा स्पर ८६ दातांचा आणि पिनियन २३ चं. ८६ भागिले २३ म्हणजे ३.७४. त्याला २.७२ ने गुणलं की १०.१७. मोटर १०.१७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. मोटरचे २५,९०० आरपीएम भागिले १०.१७ म्हणजे चाकाचे सुमारे २,५४६. टायरचा व्यास १०९ मिमी, म्हणजे घेर ३४२ मिमी. मिनिटाला ८७० मीटर, तासाला ५२ किलोमीटर. हवा, माती आणि घर्षण धरलं की प्रत्यक्षात यापेक्षा कमी मिळेल.

आता पिनियन १९ चं लावा. गुणोत्तर १२.३१ होतं आणि कागदावरचा वेग ४३ किलोमीटरवर येतो. नऊ किलोमीटर गेले म्हणून वाईट वाटेल. पण त्याच मातीत तेवढाच जोर लावायला मोटरला किती करंट लागतो ते बघा. पिनियन १९ वरून २३ केलं की तेवढ्याच जोरासाठी करंट २१ टक्के वाढतो. आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ ४७ टक्क्यांनी वाढते. चार दातांत! नवी मोटर आणताना लोक सगळ्यात मोठं पिनियन लावून वेग बघतात आणि मग मोटर वाईट निघाली म्हणतात, त्याचं मूळ या वर्गात आहे.

टायरचंही तेच गणित. १०९ मिमीचे काढून कोणी १४६ मिमीचे मॉन्स्टर ट्रकचे टायर लावले तर गिअर न बदलताही मोटरवरचा भार एक तृतीयांशाने वाढला. उष्णता सुमारे ७९ टक्के जास्त. मोठे टायर लावणार असाल तर त्याच दिवशी पिनियन लहान करा.

२एस वरून ३एस वर गेलात तर आरपीएम दीडपट होतात. तेव्हाही पिनियन दोन-तीन दातांनी उतरवा. तीन सेलची मजा वेग वाढवण्यात शोधण्यापेक्षा लहान पिनियनवर चपळ पण थंड गाडी चालवण्यात शोधा, असं माझं ठाम मत आहे. मोकळं, खडबडीत मैदान असेल तर ताशी ४५ किलोमीटर पुरून उरतात.

नव्या जोडीची सुरुवात कंपनीने सुचवलेल्या सगळ्यात लहान पिनियनपासून करा. वर चढायला नंतर केव्हाही येतं.

पिनियन विकत घेताना पिच, म्हणजे दातांचं माप, बघायला विसरू नका. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल जवळजवळ सारखे असतात, ४८ पिचचे दात बारीक, १ मॉड्यूलचे जाड. बारीक आणि जाड एकमेकांत बसवलेत तर स्पर एका दिवसात सपाट होतो. शाफ्टचा व्यासही बघा: ५४० च्या मोटरला ३.१७ मिमी, मोठ्यांना ५ मिमी.

मोटर बसवणं

जुनी मोटर काढली की लगेच नवी लावायची घाई करू नका. मोटरशिवाय चाकं हाताने फिरवा. ती सहज फिरून हळूहळू थांबायला हवीत. खरखर लागत असेल, कुठे अडत असेल तर बेअरिंगमध्ये माती आहे किंवा ती गंजली आहे. मी पावसाळ्यानंतर हटकून हे करतो आणि बहुतेक वेळा एक तरी बेअरिंग निघतंच. असं अडलेलं बेअरिंग नव्या मोटरला कायम ब्रेक लावून पळवण्यासारखं आहे.

मोटरचे स्क्रू तीन मिमी जाडीचे असतात. त्यांची लांबी तपासा. मोटरच्या तोंडावर किती खोल आटे आहेत ते पुस्तिकेत दिलेलं असतं. माउंटिंग प्लेटची जाडी धरून स्क्रू त्यापेक्षा खोल जायला नको. जास्त लांब स्क्रू आतल्या वाइंडिंगला टेकतो, तारेवरचा लाखेचा थर खरवडतो, आणि मोटर पहिल्याच ट्रिगरला शॉर्ट होते. काडी घालून खोली मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच यायला हवा. स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब. तो फक्त धातू-धातूच्या जोडाला. प्लॅस्टिकला लागला तर प्लॅस्टिक तडकतं. चांगली, न झिजलेली ॲलन की वापरा, झिजलेल्या कीने ग्रब स्क्रूचं तोंड गोल झालं की पिनियन काढताना जीव जातो.

आता जाळी, म्हणजे दात दातात किती खोल बसतात ते. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. मोटरचे स्क्रू अर्धवट आवळून पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे दाबा, आणि दाबून धरूनच स्क्रू घट्ट करा. मग स्पर हाताने फिरवत पट्टी बाहेर काढा. तिच्यावर दातांच्या स्वच्छ, एकसारख्या घड्या उमटल्या पाहिजेत. फाटली असेल तर जाळी फार घट्ट. आता पिनियन बोटांनी धरून स्पर मागे-पुढे हलवा. ‘टिक’ असा जेमतेम जाणवणारा खेळ हवा. स्पर पूर्ण एक फेरा फिरवत चार-पाच ठिकाणी हे बघा, कारण प्लॅस्टिकचे स्पर पूर्ण गोल नसतात. सगळ्यात घट्ट जागेवरही थोडा खेळ राहिलाच पाहिजे. घट्ट जाळी ओरडते, गरम होते आणि मोटरचं बेअरिंग खाते. सैल जाळी दात उडवते.

स्परजवळ स्लिपर क्लच आहे. नट पूर्ण आवळून मग अर्धा ते एक फेरा सैल करा. थांबलेल्या गाडीला एकदम पूर्ण ट्रिगर दिल्यावर पहिल्या एक-दोन फुटांत किंचित घसरल्याचा आवाज आला की बरोबर. ब्रशलेसचा झटका ब्रश मोटरपेक्षा फार मोठा असतो. स्लिपर पूर्ण आवळून ठेवला तर तो झटका सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर बसतो.

तारा आणि जोड

ईएससीला आलेला कनेक्टर बॅटरीच्या कनेक्टरशी जुळत नसेल तर कापून डाख लावावा लागतो. तांबडी आणि काळी तार एकाच वेळी कधीही कापू नका. कात्रीच्या पात्यातून त्या जुळल्या आणि बॅटरी लावलेली असली तर ठिणगी उडते. बॅटरीच्या बाजूचा कनेक्टर बदलताना तर एक तार कापून, नवा जोड करून, हीट श्रिंक चढवून मगच दुसरीला हात लावा.

डाखायला ६० वॅटचा तरी सोल्डरिंग आयर्न हवा. रेडिओ दुरुस्तीचा २५ वॅटचा आयर्न या जाड तारांसमोर थंड पडतो आणि जोड वरून चमकदार, आतून कोरडा राहतो. ६०/४० किंवा ६३/३७ चं कथील, थोडं फ्लक्स. आधी तार वेगळी भिजवा, मग कनेक्टरचा कप वेगळा, मग दोन्ही जोडून एकदाच तापवा. एक्सटी६० चं प्लॅस्टिक वितळून पिन तिरक्या होऊ नयेत म्हणून त्याचा जोडीदार कनेक्टर आत खुपसून ठेवा. जोड गार झाल्यावर जोर लावून ओढून बघा. आणि हीट श्रिंक आधीच तारेत ओवून ठेवा.

तामियाचा पांढरा जुना कनेक्टर ब्रशलेसला चालत नाही. त्याच्या पातळ पत्र्याच्या पिना या करंटला तापून वितळतात. एक्सटी६०, डीन्स, ईसी५ यांपैकी कोणताही एक पक्का करा आणि सगळ्या बॅटऱ्यांना तोच लावा.

तारा वाढवायच्याच असतील तर मोटरकडच्या वाढवा. बॅटरीकडची लांब तार ईएससीच्या कपॅसिटरवर जादा ताण टाकते आणि ते फुगतात. धन-ऋण उलटं जोडलं तर बहुतेक ईएससी त्या क्षणी मरतो, म्हणून पहिल्यांदा बॅटरी लावण्यापूर्वी तांबडीला तांबडी आहे ना हे बोटाने धरून, मोठ्याने म्हणून तपासा. मी आजही म्हणतो.

मोटरच्या तीन तारा: सेन्सरलेस असेल तर कशाही जोडा, चाकं उलटी फिरली तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. सेन्सरवाली असेल तर ए ला ए, बी ला बी, सी ला सी. तिथे अदलाबदल चालत नाही.

ईएससीमधून रिसीव्हरला जाणारी तीन बारीक तारांची पिन रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनलला लावायची. याच तारेतून रिसीव्हर आणि सर्व्होला वीज मिळते, ती पुरवणाऱ्या ईएससीतल्या भागाला बीईसी म्हणतात. स्वस्त ईएससीचा बीईसी दोन अँपिअरचा असतो. त्यावर २५ किलो जोराचा सर्व्हो लावलात तर स्टिअरिंग जोरात वळवताना व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद होतो. गाडी मध्येच बहिरी होते असं वाटलं तर आधी याचा संशय घ्या. बाहेरचा बीईसी बसवणार असाल तर ईएससीच्या पिनमधली तांबडी तार काढून तिला टेप गुंडाळा, नाहीतर दोन वीजपुरवठे एकमेकांशी भांडतात.

ईएससीला रिमोटची ओळख

गाडी पालथ्या भांड्यावर किंवा विटेवर ठेवा, चारही चाकं अधांतरी. मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन स्परपासून दूर सरकवलंत तर आणखी सुरक्षित.

रिमोट आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलट. रिमोटवर थ्रॉटलचं ट्रिम (मधल्या बिंदूची बारीक दुरुस्ती) शून्यावर आणा, एंड पॉइंट (ट्रिगरच्या टोकांची मर्यादा) दोन्ही बाजूंना १०० टक्के. मग बऱ्याच सेन्सरलेस ईएससींची पद्धत अशी: सेट बटण दाबून धरा आणि ईएससी चालू करा. लाल दिवा लुकलुकायला लागला की लगेच बटण सोडा. जास्त वेळ धरलंत तर तो सेटिंग बदलायच्या मोडमध्ये जातो. आता ट्रिगर मधोमध ठेवून सेट दाबा, हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. ट्रिगर पूर्ण मागे ओढून सेट, दोनदा. पूर्ण पुढे ढकलून, म्हणजे ब्रेकच्या टोकाला, सेट, तीनदा. तीन सेकंद थांबा, झालं. यात मोटरमधून जे ‘बीप’ ऐकू येतात ते स्पीकरचे नाहीत. ईएससी वाइंडिंगमध्ये वीज नाचवतो आणि मोटरच गाते. काही ब्रश ईएससींना ही ओळख लागत नाही, चालू करताना ट्रिगर तीन सेकंद मोकळा ठेवला की ते स्वतः मधला बिंदू पकडतात.

आता ट्रिगर हलकेच ओढा. चाकं मागे फिरली तर दोन कारणं असू शकतात आणि लोक इथेच गोंधळतात. गाडी मागे जाते आणि ट्रिगर ढकलल्यावर ब्रेक लागतो, दुसऱ्यांदा ढकलल्यावर पुढे जाते? मग ईएससीला दिशा बरोबर कळली आहे, मोटरच्या दोन तारा उलटा. पण ट्रिगर ओढल्यावर आधी ब्रेक लागतो आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर चाकं मागे फिरतात? मग रिमोटवरचा थ्रॉटल चॅनल उलटा आहे. तो रिव्हर्स करा आणि ओळखीची पायरी पुन्हा पहिल्यापासून करा. फुटाबाच्या रिमोटला हा चॅनल बहुधा उलटवावा लागतो.

चाकं हवेत असताना पूर्ण ट्रिगर देऊ नका. टायर फुगून ताटासारखे होतात, चिकटवलेली कड सुटते, आणि डिफरन्शियलवर नको तो भार येतो.

शेवटी फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर गाडी थांबवण्याची सोय. रिमोट बंद करून बघा, चाकं थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर रिसीव्हरचा फेलसेफ ब्रेकवर लावा आणि तोवर गाडी जमिनीवर ठेवू नका. अडीच किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने कोणाच्या पायावर गेली तर हाड मोडू शकतं.

सेटिंग

लिपो लावणार असाल तर कटऑफ (सेल फार उतरण्याआधी वीज तोडणारी सोय) लिपोवर हवा, बाकी सगळं नंतर. एक्सएल-५ सारख्या ईएससीत दिवा हिरवा म्हणजे लिपोचं संरक्षण चालू, लाल म्हणजे बंद. हॉबीविंगच्या १०६० मध्ये छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) लिपोच्या बाजूला असावा लागतो. जी सेटिंग्ज बदलता येतात त्यांत कटऑफ ‘मध्यम’ ठेवा. गाडी अचानक मंदावली की तो इशारा समजा, दहा मिनिटं थांबवून पुन्हा पळवायचा मोह टाळा. विश्रांतीनंतर व्होल्टेज वर आलेलं दिसतं, पण सेल रिकामाच असतो.

पंच म्हणजे ट्रिगर ओढल्यावर वीज किती झटक्याने सुटते. मुरमावर आणि मोकळ्या मातीत पंच जास्त ठेवला तर चाकं जागेवर भिरभिरतात, म्हणून नऊपैकी तीन-चार पुरे. ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा) शून्य ते दहा टक्के. ब्रेकची ताकद ६० ते ७५ टक्के. टू-व्हील-ड्राइव्हला त्याहून जास्त दिली तर मागचा भाग पुढे येतो. टायमिंगला सुरुवातीला हात लावू नका. ते वाढवलं की वेग वाढतो, आणि उष्णता त्याहून जास्त वाढते. आधी दातांचा हिशेब जमू द्या.

ब्रश मोटरच ठेवणार असाल तर दोन गोष्टी. नवी मोटर पहिल्यांदा दोन-तीन व्होल्टवर काही मिनिटं बिनओझ्याने फिरवा, म्हणजे कार्बन ब्रश कम्युटेटरच्या गोलाईत बसतात. आणि रिव्हर्स असलेल्या ईएससीबरोबर शॉटकी डायोड लावू नका, रिव्हर्स दाबताच तो आणि ईएससी दोन्ही जातात.

पहिली धाव आणि तापमान

इन्फ्रारेड थर्मामीटर आता फार महाग राहिलेला नाही. या छंदात घ्यायचं दुसरं यंत्र तेच, पहिलं चांगला चार्जर. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं सांगतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. मोटरच्या डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोनी तुकडा चिकटवा आणि नेहमी त्यावरच नेम धरा.

तीन मिनिटं चालवा, थांबा, मोजा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा, कारण आतली उष्णता डब्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि थांबल्यावर आकडा वर चढतो. तो चढलेला आकडाच खरा. मोटर ७० अंश सेल्सिअसच्या आत असेल तर बिनघोर चालवा. ८० ला पिनियन एक-दोन दातांनी उतरवा. ९० ला तिथेच थांबा. ईएससी ८० च्या आत, बॅटरी ६० च्या आत. तीन मिनिटांनी ठीक असेल तर सहा मिनिटं, मग पूर्ण बॅटरी.

फक्त मोटर गरम आणि ईएससी गार असेल तर पिनियन मोठं आहे, किंवा गाडी कुठे तरी अडते आहे. ईएससी गरम आणि मोटर गार? अर्ध्या ट्रिगरवर हळूहळू चालवणं, बंद पडलेला पंखा, किंवा ईएससीच लहान. बॅटरी गरम आणि बाकी ठीक? तिचा सी खोटा आहे.

बाहेरची हवा यात मोजायलाच हवी, हे मी एक मोटर घालवून शिकलो. पुण्यात जानेवारीत २१ दातांचं पिनियन जुळवलं होतं, संध्याकाळी २५ अंशांत मोटर ७० ला थांबायची. तीच गाडी मे महिन्यात अकोल्याला नेली. हवा ४३ अंश. मोटर हवेपेक्षा ४५ अंश वर जाते हे मला माहीत होतं, बेरीज करायला मात्र सुचलं नाही. ८८ वर चालू राहिली, मग मुलं म्हणाली अजून एक बॅटरी, आणि मी मध्ये न मोजता लावली. दुसऱ्या बॅटरीच्या अर्ध्यात जळक्या लाखेचा गोडसर वास आला. नंतर ती मोटर बिनओझ्याने आधीपेक्षा जोरात फिरायची आणि जमिनीवर मात्र दम नसायचा. चुंबक उतरल्याची ही खूण. चुंबक कमजोर झालं की केव्ही वाढतो, टॉर्क जातो, करंट वाढतो आणि मोटर पुढच्या वेळी आणखी तापते. तिला दुरुस्ती नाही. तेव्हापासून मार्चमध्ये मी पिनियन दोन दातांनी उतरवतो आणि दिवाळीनंतर परत चढवतो.

क्रॉलर आणि चिखल

क्रॉलरला वेग नको, म्हणून इथे बहुतेक गोष्टी उलट्या. ३५ टर्नची ब्रश मोटर आणि १०६० ही स्वस्त, सोपी आणि भरवशाची सुरुवात. ड्रॅग ब्रेक १०० टक्के, म्हणजे दगडावर ट्रिगर सोडला की गाडी तिथेच चिकटते. जंपर पुढे-मागे मोडवर, नाहीतर दगडात अडकल्यावर मागे यायला दोनदा ट्रिगर ढकलावा लागतो. पैसे असतील तर सेन्सरवाली ब्रशलेस. चाकाच्या अर्ध्या इंचाच्या हालचालीवर जो ताबा मिळतो तो ब्रश मोटर देऊ शकत नाही.

पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फक्त ईएससी आणि सर्व्होपुरता धरा. सेन्सरलेस मोटर पाण्यातून निघते, पण तिची बेअरिंग गंजतात. काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि मोटरभोवतीची हवा अडवतो. घरी आलं की ओलं असतानाच मऊ ब्रशने झटका, हवा मारा, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना हलक्या तेलाचा एकेक थेंब. बॅटरी गार झाल्यावर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, भरलेली आठवडाभर ठेवू नका.

आणि बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे चिखल लागत नाही, तिथे पक्क्या मार्करने लिहून ठेवा. माझ्या ट्रकवर आत्ता हे आहे: ८६/१९, २एस, टायर १०९, हवा ३६, मोटर ७४.